माइकवर म्हटलेलं थँक्यू

कामावरून काढल्याचं पत्र हातात पडल्यावर मी माइकवर 'थँक्यू सर' म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं ते याच दोन शब्दांपाशी येऊन थांबतं, आणि मी ते म्हटलेच नव्हते असं म्हणायची सोय नाही. व्हिडिओ आहे.

मी मस्कतमध्ये, अल् खुवैरमधल्या एका कंत्राटदार कंपनीत एस्टिमेशनचं काम करतो. कुणाला इमारत थंड करायची असेल तर त्यासाठी किती पत्रा, किती पाइप, किती माणसं लागतील याचा अंदाज बांधायचा. ओमानमध्ये असं काम संपत नाही, असं मी इथे आलो तेव्हा सगळे म्हणायचे. त्या वर्षी ते संपत आलं होतं. दोन मोठी कामं अडकली होती आणि प्रत्येक विभागातून एकेक माणूस कमी होत होता. सकाळी टेबल रिकामं दिसलं की आम्ही त्या टेबलाकडे न बघता चहा आणायला जायचो.

आमचे जनरल मॅनेजर भारतातलेच. त्यांना सगळे जीएम म्हणतात. त्यांच्या केबिनमध्ये काचेचं एक कपाट आहे आणि त्यात त्यांना मिळालेल्या ट्रॉफी आहेत. त्यातल्या बऱ्याचशा कंपनीने दिलेल्या आहेत, म्हणजे त्यांनीच. कुणाला काढायचं याची यादी तयार होत होती त्या दिवसांत मी या कपाटासमोर उभा राहून त्यांना सरळ विचारलं होतं, की माझं नाव यादीत आहे का. माझ्या व्हिसाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं, मुलीच्या शाळेचं वर्ष सुरू व्हायचं होतं, काय ते आधी कळलं तर बरं, एवढंच माझं म्हणणं. ते म्हणाले, "देखते हैं. इन्शाल्ला." इथे या शब्दाचा अर्थ कोण म्हणतंय त्यावर ठरतो. जीएम म्हणाले तर अर्थ शोधत बसायचा नसतो. पण माझा प्रश्न त्यांनी मनात नोंदवून ठेवला होता, हे दोन आठवड्यांनी कळलं.

दोन आठवड्यांनी कंपनीचं वार्षिक स्नेहभोजन होतं. शनिवार दुपार (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची), एका हॉटेलचा हॉल, कुटुंबासह. मंचामागच्या पडद्यावर जीएम यांचा फोटो, पाच टनाच्या एसी युनिटएवढा. ते आत आले तेव्हा लढाईचं वाटावं असं ढोलाचं संगीत वाजलं आणि ते मंचापर्यंत पोचायच्या आत संपलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावलं. पहिल्या रांगेत कंपनीचे ओमानी मालक, आमचे अर्बाब, बसले होते. ते दरवर्षी येतात, कॉफी आणि खजूर घेतात, भाषणं ऐकल्यासारखा चेहरा करतात आणि जेवणाआधी निघून जातात. त्या हॉलमध्ये आपल्याला नक्की काय करायचं आहे हे माहीत असलेला तो एकमेव माणूस.

तीन-चार ट्रॉफी वाटून झाल्यावर माझं नाव पुकारलं गेलं. मी वर गेलो. संगीत थांबलं. जीएम कठीण काळाबद्दल बोलू लागले, कठीण निर्णयांबद्दल, कुटुंबासारख्या कंपनीबद्दल. मग त्यांनी माझ्या हातात एक लिफाफा दिला आणि माइक माझ्यापुढे धरून म्हणाले, "रीड इट. लाउडली."

मी मोठ्याने वाचलं. कंपनीचं लेटरहेड, माझा नोकरीचा क्रमांक, हुद्दा, शेवटचा दिवस, खाली एचआरची सही. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा असं शेवटचं वाक्य होतं, तेही वाचलं. वाचताना एका शब्दाचं स्पेलिंग चुकलंय हे लक्षात आलं आणि मी ते मनातल्या मनात दुरुस्त केलं. मग मी 'थँक्यू सर' म्हणालो.

हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. जीएम यांनी ते किती वेळ चालू दिलं हे मला सांगता येणार नाही. व्हिडिओत ते मोजता येईल, पण तेवढा भाग कापून तिथे उलटी मोजणी आणि गाणं टाकलेलं आहे. मग ढोल वाजले आणि जीएम यांनी पाठीमागून काचेची ट्रॉफी काढली. 'वर्षातील सर्वात भरवशाचा कर्मचारी.' पत्र म्हणजे गंमत होती. सगळे हसले. ज्यांना वर बोलावलं नव्हतं ते जास्त हसले. मीही हसलो. फोटोग्राफर म्हणाला, दोन्ही धरा, म्हणून मी एका हातात ट्रॉफी आणि एका हातात पत्र धरलं. खाली अर्बाब शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत होते. त्याने कानात सांगितलं. अर्बाबांनी खजुराची बी बशीत ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

परत येताना गाडी मी चालवत होतो. राउंडअबाउटवर बायको म्हणाली, "एसी कमी करा." मी कमी केला. आमची मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेत ती इंग्रजीत राहते, घरी मराठीत यायला तिला थोडा वेळ लागतो. ती मागून म्हणाली, "पप्पा, तुम्ही थँक्यू का बोलले?"

"सवय," मी म्हणालो.

"ओके," ती म्हणाली आणि तिने कानात इअरफोन घातले.

घरी येऊन ते पत्र मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवलं. ज्या कागदावर आपलं नाव आहे तो टाकायचा नाही, हे माझ्या वडिलांकडून आलेलं. वडील मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कचेरीत कारकून होते. आमच्या घरात देवघर नव्हतं. जिथे इतरांच्या घरी ते असतं तिथे लाकडी कपाट होतं, आणि त्यात कायद्याची पुस्तकं, कात्रणं आणि अर्जांच्या कार्बन प्रती. आमची सगळी वस्ती वडिलांकडून अर्ज लिहून घ्यायची. विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, लिहा. मजुरी कापली, लिहा. मास्तरने मुलाला मागे बसवलं, लिहा. लिहून दिल्याशिवाय झालेलं झालं असं कुणी धरत नाही, असं ते म्हणायचे, आणि कार्बन पेपर नीट लावून दाबून लिहायचे. अर्जांचं पुढे फारसं काही होत नसे. पण ते कपाट भरलेलं होतं.

त्यांच्या मुलाने आखातात येऊन जे सर्वात जास्त वेळा लिहिलं ते म्हणजे 'नोटेड विथ थँक्स'. ज्यांनी इथल्या ऑफिसात काम केलेलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. आलेल्या प्रत्येक मेलला आम्ही हे उत्तर देतो. क्लायंटने गुरुवारी संध्याकाळी अख्खं ड्रॉइंग बदललं, नोटेड विथ थँक्स. रजा नाकारली, नोटेड विथ थँक्स. एकदा आमच्या एका फोरमनच्या निधनाचा मेल आला होता. खाली तिघांनी नोटेड विथ थँक्स लिहिलेलं होतं. त्यात मी नव्हतो, कारण मी रजेवर होतो.

स्नेहभोजनानंतर दोनच दिवसांत जीएम यांनी सगळ्या कंपनीला व्हिडिओची लिंक पाठवली. वर लिहिलं होतं, काय खिलाडू वृत्ती. मी उत्तर दिलं. काय दिलं ते सांगायला नको.

मला काहीही झालं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. झोप लागत होती. भूक लागत होती. त्याच आठवड्यात मी सूर नावाच्या बंदराच्या गावातल्या एका मासळीच्या शीतगृहाचं टेंडर भरलं आणि ते आम्हाला मिळालं. अंदाज बरोबर बसला होता. मंचावर मी जिथे उभा होतो ती जागा आठवून पाहिली की दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असतो तसं वाटायचं. गाल आहे हे जिभेला कळतं, बाकी काही नाही.

झालं ते बायकोला. ती इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते, शांत बाई आहे. स्नेहभोजनाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत तिला घेरी आली, दवाखान्यात नेलं तर रक्तदाब वाढलेला. घरात कुणालाच नव्हता, तिच्या माहेरीही नाही. मग यंत्र आणलं, मग आकडे लिहायची वही. मी वेळेआधी घरी आलो की ती दारातच उभी राहून माझ्या हातात काही कागद आहे का ते पाहायची. मी घरातून ऑफिसचा फोन उचलला की गॅस बंद करायची, फोन संपेपर्यंत.

"तुम्हाला काहीच होत नाही?" तिने एकदा विचारलं.

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

आमच्या घराण्यात दुखलं की पुस्तक काढतात. मी वाचायला लागलो. अमेरिकेच्या कायद्यात याला सरळ नाव आहे, हे तेव्हा कळलं. जाणूनबुजून मानसिक यातना देणे. त्याच्या चार कसोट्या असतात. वागणूक सभ्य समाजाला सहन होण्यापलीकडची पाहिजे. हेतू किंवा बेपर्वाई पाहिजे. यातना त्या वागणुकीमुळेच झालेली पाहिजे. आणि ती तीव्र पाहिजे. एस्टिमेशनच्या माणसाला असे चार रकाने दिसले की बरं वाटतं. मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाचू नका. कुणाला तरी विचारा."

इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात ओळख झालेले कोकणातले एक वकील इथे एका लॉ ऑफिसात सल्लागार आहेत. कोर्टात उभं राहायचं काम त्यांचे ओमानी भागीदार करतात, हे कागद तयार करतात. वडिलांना आवडले असते. मी वेळ घेतली. बायको शाळेतून परस्पर तिथे आली.

"इथल्या कायद्यात या नावाचं वेगळं काही नाही हां," ते म्हणाले. "दुसऱ्याचं नुकसान केलंत तर भरून द्या, असं एक मोठं छत्र आहे, त्याखाली मनाचं नुकसान बसवावं लागतं. अपमानाचा रस्ता वेगळा, कामगार खात्याचा वेगळा. पण तुम्ही ते अमेरिकेचं वाचून आलायत ना, त्याच चार कसोट्या लावून बघूया. न्यायाधीश कुठलाही असो, शेवटी विचारणार हेच."

मी झालेलं सांगितलं. त्यांनी व्हिडिओ पाहिला, आवाज बंद करून.

"पहिली. वागणूक. नुसती वाईट नाय पुरत. शिवी पण नाय पुरत. साहेब खडूस आहे म्हणून तर मुळीच नाय, नाहीतर आखातात कोर्टांशिवाय दुसरी इमारत उभी राहिली नसती. ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप निघायला पाहिजे, की हे अतिच झालं. मी म्हणतो, झालं. तो वरच्या खुर्चीवर, व्हिसा त्याच्या हातात, तुम्ही आधी विचारून आलेले, आणि बायकोमुलीसमोर. बसतंय." त्यांनी कागदावर खूण केली. "दुसरी. हेतू. तो म्हणणार, मस्करी."

"मस्करीच होती ती," मी म्हणालो.

"इंजिनियर साहेब, तुम्ही कुणाच्या बाजूने आलायत?"

"मी आपलं त्यांचं म्हणणं सांगतोय."

"ते सांगायला त्याचा वकील येईल. पैसे घेऊन. तुम्ही फुकट कशाला सांगता? हेतू नसला तरी बेपर्वाई चालते. लागणार हे समोर दिसत असताना केलं, बस झालं." अर्धी खूण. "तिसरी मागाहून घेऊ. आधी चौथी, माणसं गळतात ती तिथे. यातना. झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"व्यवस्थित."

"रडलात कधी?"

"नाही."

"डॉक्टरकडे गेलात?"

"दाताच्या. ती वेळ आधीच घेतलेली होती."

"कामात चूक? काही विसरलात, कुणावर ओरडलात?"

"टेंडर मिळालं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माणूस म्हणून तुम्ही सज्जन आहात. फिर्यादी म्हणून अगदीच निकामी."

मी त्यांना इंजेक्शन दिलेल्या गालाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बधिर होणं म्हणजेही यातनाच, मला मान्य आहे. पण ती दाखवायची कशी? आणि वर हे." मी आणलेल्या मेलच्या छापील प्रती त्यांनी पुढे ओढल्या. "काढलेल्यांची यादी जाहीर झाली, नोटेड विथ थँक्स. व्हिडिओची लिंक, नोटेड विथ थँक्स. खाली दोन जोडलेले हात. ह्या कोणी वाचल्या तर म्हणेल, या गृहस्थाला दर महिन्याला काढा, खूश होतो."

बायकोने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. दवाखान्याचे कागद, गोळ्यांची चिठ्ठी, आकड्यांची वही. वकिलांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला. असा उजेड मी वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, शिक्का नीट उमटला की.

"वहिनी, तुम्ही तिथे हजर होतात?"

"मागून तिसऱ्या टेबलावर."

"मग दावा तुमचा. यांचा नाहीच. जवळच्या माणसाला समोर बसवून असं केलं आणि ते बघून त्याला यातना झाल्या, तर तो स्वतः उभा राहू शकतो, असं त्या अमेरिकेच्या कायद्यात आहे. इथे ते कसं बसवायचं ते आमच्या ओमानी वकीलसाहेबांना विचारतो. पण कागद आहेत. कागद महत्त्वाचे." ते आता माझ्याकडे बघतही नव्हते. "आता तिसरी. कारण. जे झालं ते त्याच्यामुळेच झालं, हे दाखवायचं. नीट आठवून सांगा, वहिनी. नक्की कुठल्या क्षणी काय वाटलं? पत्र हातात दिलं तेव्हा?"

ती विचार करू लागली. पेपर तपासताना ती असाच विचार करते, पायरीचे गुण द्यायचे की नाही याचा.

"नाही. तेव्हा मी मनात सामान बांधत होते. शाळेचा दाखला कधी मागायचा, फ्रिज कुणाला द्यायचा. भीती होती, पण सुचत होतं."

"बरं. मग मोठ्याने वाचायला लावलं तेव्हा?"

"तेव्हा राग आला. रागाने मला काही होत नाही. मी सातवीच्या वर्गाला शिकवते."

"मग कधी?"

"हे थँक्यू म्हणाले तेव्हा."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं.

"म्हणजे?"

"तेव्हा माझे हात गार पडले. आणि मग रोज. हे गाडीतून उतरतात, हात धुतात, भाजी काय आहे विचारतात. तेव्हा छातीत होतं. त्या माणसाचं तोंडही मला धड आठवत नाही."

"वहिनी, हे कोर्टात म्हणू नका."

"खोटं सांगू?"

"खोटं नको. पण कुणी विचारल्याशिवाय एवढं खरं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "समोरचा वकील उभा राहून म्हणेल, माझ्या अशिलाने काही केलेलं नाही, जे केलं ते यांच्या नवऱ्याने."

"बरोबरच म्हणेल," ती म्हणाली.

चार कसोट्या मी चांगल्या दोन-तीनदा वाचल्या होत्या. तिसरीत आपण असू असं मला वाटलं नव्हतं. काही वाटायला हवं होतं, त्या जागेवर मी बोट ठेवून पाहिलं. गाल आहे, एवढं कळलं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"दावा राहू दे बाजूला. निदान एक हरकत लिहून पाठवा, की तुम्हाला ते मान्य नव्हतं. आज तुमच्या फाइलमध्ये सगळे आभारच आहेत. उद्या काही करायचं झालं तर कुठेतरी एक नकार पाहिजे की नको?"

"मला तेवढंच पाहिजे," बायको म्हणाली. ती वकिलांशी बोलत होती. "बाकी काही नाही झालं तरी चालेल. यांनी एकदा लिहावं."

माझ्या व्हिसाचे कागद तेव्हा जीएम यांच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. हे तिलाही माहीत होतं, मलाही. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "लिहिलंत तर सही अडवतील?"

"अडवू शकतात."

तिने पट्टा लावला. "मग विचार करून लिहा," ती म्हणाली. लिहू नका असं म्हणाली नाही.

मी विचार करण्यात नऊ दिवस घालवले. ते काही विचार नव्हते. मी लिहायला बसलो की बोटं 'काइंडली' पासून सुरू व्हायची. आपल्या मौल्यवान वेळेबद्दल आगाऊ आभार. माझ्याकडून काही चुकलं असल्यास क्षमस्व. त्याच मेलमध्ये त्या माणसाने माझं काय केलं हे सांगायला जागाच उरत नव्हती. घरी बायको वहीत आकडे लिहायची आणि वही मिटून फ्रिजवर ठेवायची. तिथून ती मला दिसायची.

दहाव्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी जेवण झाल्यावर मी एक कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं, वडील लिहायचे तसं. डावीकडे 'प्रति', मध्ये 'विषय', मग 'महोदय'. कागदावर महोदय लिहिलं की माणूस कितीही मोठा असला तरी कचेरीतला एक अधिकारी होतो, पडद्यावरचा फोटो राहत नाही. वडिलांनी विहिरीबद्दल लिहिलेल्या अर्जांत एकदाही क्षमस्व नव्हतं. मग त्याचं इंग्रजी करायला घेतलं. मुलगी शेजारी येऊन स्क्रीनवर वाचू लागली.

"पप्पा, हे काइंडली का आहे?"

"तशी पद्धत असते."

"पण तुम्ही सुट्टी नाही मागत."

तिने हात पुढे करून ते खोडलं. मग पुढचंही एक खोडलं. मग म्हणाली, "हे पण. हे तर तुमच्याबद्दल आहेच नाही, हे त्याच्याबद्दल छान छान आहे." ती इंग्रजीत माझ्यापेक्षा बरी आहे, मी खोडू दिलं. शेवटी चार वाक्यं उरली. स्नेहभोजनाच्या दिवशी मला दिलेलं पत्र ही गंमत होती असं सांगण्यात आलं. माझी नोकरी जाईल का, असं मी विचारून गेल्यानंतर ते देण्यात आलं, म्हणून मी त्याला गंमत मानत नाही. माझ्या बायको-मुलीसमोर ते करणं चुकीचं होतं. त्या वेळी मी मानलेले आभार मी मागे घेतो.

"आभार मागे घेता येतात?" मुलीने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "वाचनात आलेलं नाही."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने उभ्यानेच वाचलं. खुर्ची ओढली नाही. मी पाठवलं. तेव्हा काय वाटलं असं वकिलांनी विचारलं असतं तर माझं उत्तर तेच आलं असतं, काही नाही. कान तेवढे गरम झाले होते. त्याची नोंद कुठल्या कसोटीत करायची हे मला ठाऊक नाही.

एका मिनिटात उत्तर आलं. जीएम यांचा फोन शुक्रवारीही हातात असतो. व्हिसाच्या कागदांवर पुढे आठवड्याभरात सही झाली, तीही याच वेगाने झाली असणार. ते कागद वाचून सही करतात असा आरोप आमच्याकडे कुणी केलेला नाही. उत्तरात तीनच शब्द होते.

नोटेड विथ थँक्स.

"वाचलं तरी का त्यांनी?" बायकोने विचारलं.

"नसेल."

"मग?"

मी सांगणार होतो की निदान प्रत आहे, तारीख आहे, वकिलांना हवा होता तो नकार आहे. पण माझं लक्ष तिच्या नजरेकडे गेलं. ती कीबोर्डकडे पाहत होती. माझी बोटं उत्तराला उत्तर द्यायला लागली होती. पहिली दोन अक्षरं स्क्रीनवर आली होती.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हात काढा," ती म्हणाली.

मी काढले.